जिल्ह्याचा वनौषधी-नकाशा : काय दाखवावे, काय झाकावे

रुग्णाची परीक्षा करताना प्रकृती, सार, सात्म्य यांच्याबरोबर त्याचा देशही पाहावा, हे आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो. द्रव्याच्या बाबतीतही देशविचाराला तितकेच महत्त्व आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात आरंभीच जांगल, आनूप आणि साधारण अशा देशांचे वर्णन येते आणि मग द्रव्यसंग्रहाचा विषय निघतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर भूमिपरीक्षेसाठी स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. असे असता, बीड जिल्ह्यात वर्षानुवर्षे व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना बालाघाटाच्या कोणत्या उतारावर कोणती मुळी मिळते हे निश्चित सांगता येईल? प्रस्तुत लेखकाला काही वर्षांपूर्वीपर्यंत ते सांगता येत नव्हते. काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी येते, पुडीवर नाव असते, आणि नावावर आपला विश्वास असतो. द्रव्यपरीक्षा तेवढ्यावरच संपते.

या अज्ञानाची जाणीव मला एका वृद्ध धनगर गृहस्थांनी करून दिली. पाटोद्याकडच्या डोंगरात त्यांची मेंढरे असत. शतावरीच्या मुळ्या ते मला अधूनमधून आणून देत, त्याही मोजक्याच, कारण 'सगळी काढली तर पुढल्या साली काय' हा त्यांचा हिशेब पक्का होता. जागा सांगा म्हणालो की हसून म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, सांगून कळत नाही, संगं यावं लागतं." मी तीन वेळा त्यांच्यासोबत गेलो आणि वहीत टिपणे केली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 साली, ते गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात वही घेऊन एकटाच निघालो, तेव्हा माझ्या टिपणांची किंमत मला कळली. 'खिंडीच्या अलीकडे, पडक्या पाणवठ्याच्या वरच्या अंगाला' असे मी लिहून ठेवले होते. खिंडी तीन निघाल्या आणि पाणवठे दोन. गुरे राखणारे आणि वनात वावरणारे लोक वनस्पतींना नावारूपाने ओळखतात, असे शास्त्रकारांनी म्हटले आहे. त्यांच्याकडून आपण नाव आणि रूप घेतले, मात्र ठिकाण घेतले नाही.

ते ठिकाण टिकवून ठेवण्याचे साधन आज आपल्या खिशात आहे, आणि हा लेख त्यासंबंधीच आहे. संगणकावरील नकाशे आता केवळ पाहण्यापुरते राहिलेले नाहीत. त्यांवर आपल्याला हव्या त्या खुणा, रंग, टिपणे आणि छायाचित्रे घालून स्वतःचा नकाशा सिद्ध करता येतो. गुगलचे नकाशे 2005 साली आले आणि त्यांवर स्वतःचा नकाशा रचण्याची 'माय मॅप्स' ही सोय 2007 साली सुरू झाली. त्याआधी, 2004 साली, इंग्लंडमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' हा लोकांनी लोकांसाठी करावयाचा मुक्त नकाशा सुरू झाला होता. त्याच्या आधारे 'यूमॅप' या साधनावर आपला नकाशा विनामूल्य करता येतो. आपल्या इस्रोचे 'भुवन' 2009 पासून आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र शासनाने भारतीयांसाठी नकाशे करण्यावरील पूर्वपरवानगीची बंधने बहुतांशी दूर केली, त्यामुळे 'हे कायद्यात बसते का' ही शंकाही आता पूर्वीसारखी उरलेली नाही.

कृती अवघड नाही. डोंगरावर वनस्पतीजवळ उभे राहून भ्रमणध्वनीवर अक्षांश-रेखांश टिपावेत आणि छायाचित्र घ्यावे. उघड्या आकाशाखाली चूक साधारण चार-पाच मीटरांची येते, वेल शोधायला तेवढे पुरते. घरी येऊन ही माहिती संगणकावरील तक्त्यात भरावी. तक्ता नकाशात घेतला की प्रत्येक ओळीची एक खूण होते. माय मॅप्सच्या एका नकाशात दहा थर मावतात आणि प्रत्येक थरात दोन हजार ओळींचा तक्ता. आपल्या अकरा तालुक्यांना हे भरपूर झाले. डोंगरात संपर्कयंत्रणा पोचत नाही ही अडचण खरी आहे. त्यासाठी 'ऑसमँड'सारखे, नकाशा आधीच उतरवून घेऊन चालणारे साधन जवळ ठेवावे. ज्यांना हे सारे किचकट वाटेल त्यांनी घरातील बारावीच्या मुलाला हाताशी धरावे. मीही पुतण्यालाच धरले होते.

मात्र तक्त्यात काय भरायचे, हे पुतण्या सांगू शकत नाही. ते वैद्याचे काम आहे. केवळ 'पुनर्नवा' असे लिहून भागत नाही. आपल्याकडे घेटुळी या नावाखाली जे येते त्यात बोऱ्हाविया डिफ्यूजा किती आणि ट्रायन्थिमा किती, हे पुडी उघडून पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. शंखपुष्पीची गत याहून बिकट. कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस, गोकर्ण आणि कॅन्स्कोरा अशा चार वेगवेगळ्या वनस्पतींना प्रांतपरत्वे शंखपुष्पी म्हटले जाते. रास्नेबद्दल तर न बोललेले बरे. उत्तरेत एक, बंगालमध्ये दुसरी, दक्षिणेत तिसरी. संदिग्ध द्रव्यांवर आपल्या परिषदांतून जेवढे निबंध वाचले गेले असतील, तेवढ्यांतून एकाही वैद्याच्या फडताळातील बरणी बदलली असेल असे मला वाटत नाही. नकाशावरील खूण मात्र ती बदलू शकते, कारण खुणेशी पानाचे, फुलाचे आणि मुळाचे छायाचित्र असते, स्थानिक नावाशेजारी वनस्पतिशास्त्रीय नाव असते, आणि शंका आल्यास त्याच जागी पुन्हा जाऊन खात्री करता येते. सराटा म्हणजे लहान गोखरू हे गेवराईचा शेतकरीही सांगेल, पण त्याच्या बांधावर तो आश्विनात पक्व होतो की त्याआधी, हे तिथे जाऊन नोंदवल्याशिवाय कळणार नाही.

काळाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत, साल, कंद आणि क्षीर शरदात, पाने वर्षा व वसंतात, सार हेमंतात, असा चरकाचा संकेत आपण परीक्षेत लिहिला आणि विसरलो. नकाशावर ऋतूप्रमाणे खुणांना रंग दिले की तो संकेत डोळ्यांसमोर उभा राहतो. मी शरदाला पिवळा आणि ग्रीष्माला तांबडा रंग दिला आहे. या रंगांतून एक अनपेक्षित गोष्ट दिसली. गोदाकाठची गंगथडी, जिथे जायकवाडीचा उजवा कालवा आणि माजलगावच्या धरणाचे पाणी फिरते, ती आणि आष्टी-पाटोद्याचा माळ यांत एकाच वनस्पतीच्या फुलोऱ्याच्या माझ्या नोंदींत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडतो. साऱ्या जिल्ह्याला सरसकट जांगल देश म्हणून मोकळे होण्याची आपली सवय किती ढोबळ आहे! पाट आला, ऊस आला, की भूमीचा स्वभाव बदलतो. माणसाच्याही दोषांवर त्याचा परिणाम होत असला पाहिजे. त्याचा विचार या विषयातील अभ्यासकांनी करावा.

आता ज्या चुकीमुळे हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो, ती सांगतो.

2022 च्या दिवाळीपर्यंत माझ्या नकाशावर शतावरीच्या चौदा जागा नोंदल्या गेल्या होत्या. उत्साहाच्या भरात मी नकाशाचा दुवा मित्रांना पाठविला. 'ज्याच्याकडे दुवा असेल त्याला पाहता येईल' ही सोय निवडली होती, कारण तीच सर्वांत सोपी. मित्रांनी कौतुक केले आणि आपापल्या गटांत दुवा पुढे ढकलला. तो किती हातांतून फिरला हे मला माहीत नाही. 2024 च्या मार्चमध्ये फेरी मारली, तेव्हा चौदापैकी नऊ जागी खड्डे होते. मुळ्या अर्धवट काढल्या नव्हत्या, वेल समूळ उपटले होते. खणणाऱ्याने माझाच नकाशा पाहिला होता, याचा पुरावा माझ्याकडे नाही. डोंगरात मुळ्या खणणारे पूर्वीही होते. परंतु ज्या पाच जागा वाचल्या, त्यांतील तीन मी चुकीच्या टेकडीवर नोंदल्या होत्या, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझी अचूकता वेलींना भोवली आणि माझ्या चुकीने तीन वेली राखल्या.

हा प्रसंग ऐकून आमच्या एका ज्येष्ठ वैद्यांनी 'म्हणूनच वाडवडील सांगत नसत' असा निकाल दिला. त्यांच्या मताचा मी आदर करतो, तरी ते मला मान्य नाही. वाडवडिलांनी सांगितले नाही, पण दाखविले. शिष्य, मुलगा, मेंढरांमागे फिरणारा नातू, कोणीतरी सोबत असे. आज तो सोबतीच उरलेला नाही. नातू पुण्याला वा चाकणला नोकरीस गेला. आता गुप्तता राखली, तर ज्ञान गुप्त राहणार नाही, ते नष्ट होईल. दुसऱ्या टोकाला काही तरुण पदवीधर आहेत. माहिती सर्वांसाठी मुक्त असावी, असे ते आवेशाने मांडतात. रस्त्याचा, दवाखान्याचा, पाणवठ्याचा नकाशा मुक्त असावा, यात वादच नाही. परंतु रस्ता दाखविल्याने रस्ता संपत नाही, आणि मुळी संपते.

तेव्हा मी स्वतःपुरता एक नियम केला आहे, तो सभासदांच्या विचारार्थ मांडतो. उपयुक्त अंग पाहून खूण उघडी ठेवावी की झाकावी हे ठरवावे. बहाव्याच्या शेंगा, बेलफळ, पळसाची फुले, करंजाच्या बिया, निर्गुडीची व अडुळशाची पाने या नोंदी खुशाल उघड्या असाव्यात. झाड जागेवर राहते, आणि उपयोग कळल्याने शेतकरी ते बांधावर राखण्याचा संभव वाढतो. जिथे मूळ, कंद किंवा साल घ्यावी लागते, किंवा पंचांगासाठी वनस्पती उपटावी लागते, त्यांचा थर स्वतंत्र नकाशात बंद ठेवावा आणि ज्यांना ओळखतो अशा मोजक्या सभासदांनाच नावानिशी प्रवेश द्यावा. शतावरी, काळी मुसळी, कळलावी या गटात येतात. उघड्या नकाशावर त्यांचा फक्त तालुका लिहावा. ही कल्पना माझी नव्हे. जगभरातील निसर्गप्रेमी जिथे नोंदी करतात त्या 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते आणि साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कोठेतरी एक खूण दिसते. आपल्याकडे तेवढ्या चौकोनात अर्धा तालुका बसेल, म्हणजे झाकणे पुरेसे झाले.

कुडा, अर्जुन यांच्या सालींविषयी माझे मन अद्याप ठरलेले नाही. झाड राखून साल काढता येते, पण काढणारा हात तसा असतोच असे नाही. सध्या मी त्या झाकल्या आहेत.

येथे फार्मसीचालक बंधूंशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. हा बंद थर आपल्याला खरेदीची यादी म्हणून हवा असेल, तर तो मागू नये. मात्र आपल्याकडे येणाऱ्या मालाचे मूळ शोधण्यासाठी नकाशाचा दुसरा उपयोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयी व संकलनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत माल कोठून व केव्हा गोळा केला याच्या नोंदीवर भर आहे. आपल्या गोदामातील प्रत्येक पोत्याला असे ठिकाण देता येईल काय? शतावरी आणि अश्वगंधा लावणारे शेतकरी कोठे आहेत हे उघड्या नकाशावर घालावे, त्यांच्याकडून माल घ्यावा, म्हणजे डोंगरावरचा भार तेवढा हलका होईल. सीताफळाच्या बाबतीत बीडच्या नावाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ठिकाणाच्या नावाला बाजारात मोल येते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. जैविक विविधता कायदा 2002 अन्वये गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या असणे अपेक्षित आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे हे त्यांचे काम आहे. 2023 च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना राज्य मंडळास पूर्वसूचना देण्याच्या अटीतून सूट दिली. व्यापारी प्रमाणावर माल घेणाऱ्या फार्मसींनी आपली बाब स्वतंत्रपणे तपासून घ्यावी. पण सूट मिळाली म्हणून गावाला वगळावे असे नाही. ज्या गावच्या शिवारात आपण खुणा करतो त्या गावच्या समितीला आपली नोंद द्यावी, गट क्रमांकासह. गावनकाशे आता 'महाभूनकाशा' या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात, तेव्हा जागा वनखात्याची, गायरानाची की कोणाच्या मालकीची, हे घरबसल्या समजते. माझ्या अनुभवात गायरानावरील वेल ज्या गावाला ठाऊक होता, तो वाचला. उरलेल्या दोन वेली त्याच गावच्या आहेत.

वनस्पतींविषयी इतके लिहिले, पण नकाशाचा जो उपयोग मला सर्वांत निकडीचा वाटतो तो रुग्णांसंबंधी आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर आणि कर्नाटकातही. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता उचलावाच लागतो. आमवाताची, श्वेतप्रदराची, अर्शाची रुग्णा भाद्रपदापासून औषध घेत असते आणि नेमका उपशय दिसू लागला की टोळीबरोबर निघून जाते. चैत्रात परत येते ती व्याधी दुणावून. चार महिन्यांचे चूर्ण बांधून द्यावे तर ते पालात ओले होते, संपते, हरवते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळापर्यंत गेला आणि शासनाने समिती नेमली, हे आपण जाणताच. त्या साऱ्या प्रश्नावर नकाशा हे उत्तर नाही. तरी एवढे करता येईल की, साखर कारखान्यांच्या परिसरातील सहव्यवसायी वैद्य कोठे बसतात, कोणत्या वाराला, कोणत्या वेळेला, हे एका उघड्या नकाशावर घालावे, आणि टोळी निघण्यापूर्वी रुग्णेच्या चिठ्ठीवर जवळच्या वैद्याचे ठिकाण व चालू चिकित्सा लिहून द्यावी. मुकादमाच्या भ्रमणध्वनीवर तो दुवा दिला तर टोळीभर उपयोगी पडेल. यासाठी लागणारी माहिती आपल्याच संघटनांच्या सभासद-याद्यांत पडून आहे.

रुग्णांच्या खुणा मात्र नकाशावर कधीही घालू नयेत. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरातील विसूचिकेचे मृत्यू डॉ. जॉन स्नो यांनी 1854 च्या साथीनंतर घरोघर नकाशावर मांडले आणि पाण्याच्या एका पंपाभोवतीची दाटी दाखविली, हे उदाहरण सर्वत्र दिले जाते. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांची जी विकृती सांगितली, तिचेच हे चित्र म्हणता येईल. परंतु तो नकाशा कागदावर होता आणि महानगराचा होता. आपल्या वस्तीत वीस घरे असतात. एक ठिपका म्हणजे एक ओळखीची सून. ज्वराची साथ आली तर गावनिहाय केवळ संख्या लिहावी, पाचाहून कमी असल्यास तीही लिहू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला, पण वैद्याच्या तोंडी रुग्णाचे गुपित नसावे हा दंडक त्याहून कितीतरी जुना आहे.

एक सावधगिरी राहिली. गुगलचेच 'मॅप मेकर' नावाचे एक साधन 2008 साली आले होते. त्यावर आपल्या देशातील असंख्य हौशी लोकांनी गल्ल्या, देवळे, विहिरी नोंदल्या. 2017 साली कंपनीने ते बंद केले. आपण परक्याच्या अंगणात रांगोळी घालीत असतो, याचे भान असावे. मूळ तक्ता आपल्याजवळ ठेवावा, वर्षातून दोनदा नकाशा उतरवून घ्यावा, आणि बंद थराची एक छापील प्रत विश्वासू सभासदाच्या कपाटात असावी. नकाशा करणारा वैद्य गेला तर त्याचा परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो. मग त्या धनगर बाबांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तेथे वृक्षसंमेलन झाले. देशी झाडे ओळखण्याचा सराव नवोदितांना तेथे चांगला होईल. मी चातुर्मासात दर रविवारी सकाळी तेथून आरंभ करून पुढे एखाद्या गावच्या शिवारात जातो. ज्यांना सोबत यावयाचे आहे त्यांनी वही, पाणी आणि पूर्ण भरलेला भ्रमणध्वनी घेऊन यावे. खणण्याचे काहीही आणू नये.